टायरवरची लव

"आता या घरात माणसांनी आडवं होऊन चालायचं, एवढंच काय ते राहिलं होतं."

हे वाक्य फ्रिजला उद्देशून होतं. म्हणजे बोलणाऱ्या बाईंचं तोंड फ्रिजकडे होतं, एक खांदा फ्रिजला घासत होता आणि पाठीत सायकलच्या हँडलचं टोक रुतत होतं. हातात दुधाचं पातेलं होतं, त्यामुळे बोलण्याला धार असली तरी हालचालीला वाव नव्हता. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं ते हातभर अंतरावर वर्तमानपत्राआड बसले होते.

"काही म्हणालीस?"

"तुम्हाला नाही. फ्रिजला."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. काय ऐकायचं नाही, याचा तीस वर्षांच्या संसारात त्यांनी चांगला सराव केला होता.

हे गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य लिपिक. कार्यालयात आणि इमारतीत त्यांना सगळे शेरासाहेब म्हणत, कारण डोळ्यांखालून गेलेल्या कुठल्याही कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. घरातल्या कॅलेंडरवर महिना संपला की ते 'पाहिले' असं लिहून सही करत. लेक पहिलीत असताना तिने काढलेल्या हत्तीच्या चित्राखाली त्यांनी लिहिलं होतं, 'हत्ती बरा. सोंड तपासावी.' ते चित्र लेकीने अजून जपून ठेवलंय. कौतुकाने की पुराव्यादाखल, ते तिलाच ठाऊक.

सायकल पाठवली होती ती याच लेकीने. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. बाबांना पंचावन्न पूर्ण झाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून तिने एके दिवशी भलंमोठं खोकं दारात आणवलं. आत हायब्रिड सायकल. म्हणजे रस्त्यावरही चालेल आणि कच्च्या वाटेवरही चालेल अशी. तिचा तरी काय दोष? लहानपणी रोज जेवताना तिने एकच गोष्ट ऐकली होती. बाबा शाळेत असताना टेकडीपलीकडे सायकलने जायचे. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात छत्री, मागे एक मित्र. पुढे दुसरा मित्र आला. मग छत्री गेली आणि उतारावर दोन्ही हात सुटले. लेक दहावीला पोचली तोवर टेकडीचा डोंगर झाला होता.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. शेरासाहेबांना सायकल येत नव्हती.

अकराव्या वर्षी एकदा मामाच्या सायकलवर बसले, भाजीच्या हातगाडीत शिरले, सगळा बाजार हसला आणि विषय संपला. टेकडी खरी होती, शाळा खरी होती. जाणं मात्र पायी. हे जगात कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. बायकोलाही नाही. नवरे असले समज बाळगून असतात आणि बायका ते समज बाळसं धरेपर्यंत सांभाळतात, म्हणून घरं उभी आहेत.

सायकल आली त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, चालवली का?"

"अगं, अशी कशी चालवणार?" शेरासाहेब म्हणाले. पुढे काय बोलायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. नजर खाली गेली तर समोर टायर दिसला. "टायर बघायला हवेत आधी. कंपनीचे टायर म्हणजे नुसते नावाला असतात."

"हो का? मग बघा हं नीट," लेक म्हणाली.

ते वाक्य तोंडातून निसटलं आणि पुढचे तीन महिने त्याच्या मागे फरफटत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिवळी फाईल उघडली. वर विषय लिहिला : 'सायकलसाठी टायर व अनुषंगिक साहित्य निवडणेबाबत.' घरगुती कामासाठी कुणी फाईल उघडतं का, असं वाटेल. पण ज्याला एखादं काम व्हायला नको असतं त्याच्यासाठी फाईलइतकं हुकमी साधन माणसाने अजून शोधलेलं नाही, आणि शेरासाहेब त्या कलेतले उस्ताद होते. फाईल वॉचमनच्या हाती देऊन इमारतीत अभिप्रायासाठी फिरवली.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते पहाटे अंगाला चिकटलेल्या कपड्यांत चाळीस किलोमीटर सायकल मारून येतात आणि मग दिवसभर लोकांच्या दाढांवर तोच जोर काढतात. त्यांनी लिहिलं, 'टायर अरुंद, गुळगुळीत. हवा कडक. वाद नको.' चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी घर्षणावर चार पानं लिहिली, आकृतीसह, आणि टायर खडबडीतच हवा असा निष्कर्ष काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई म्हणजे आयुष्यभर बँकेत इतरांच्या सह्या जुळवून पाहिलेली बाई. त्यांनी एकच ओळ लिहिली : 'नियम चौदा पाहावा.' फाईल हातात होतीच, म्हणून वॉचमननेही मत मांडलं. 'टायर गोल असावा.'

शेवटी फाईल घरात आली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर गोल, तपकिरी डाग. शेरासाहेबांनी डागाशेजारी लिहिलं, 'हा डाग कसला? खुलासा व्हावा.'

संध्याकाळी खाली बायकोच्या अक्षरात उत्तर होतं. 'पातेल्याचा.'

एवढ्या अभिप्रायांवर तीन वर्षं सहज निघाली असती. पण लेक दर रविवारी फोन करायची आणि बायको दररोज फ्रिजशी बोलायची. तेव्हा काहीतरी हालचाल दाखवणं भाग होतं. शेरासाहेब सायकल हातात धरून दुकानाकडे निघाले. दुकान पायी पाव तासावर. वाटेत प्रत्येक जण विचारी, "काय साहेब, पंक्चर?" आणि ते म्हणत, "हो ना." त्या रस्त्यावर त्या सायकलइतकी पंक्चर झालेली सायकल दुसरी नसेल. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर पुढे पुढे त्यांना पाहून नुसती मान हलवी, कुणाच्या घरी आजारपण असल्यावर हलवतात तशी.

दुकानदार उंच, अबोल माणूस. गळ्यात दोरीला चष्मा. त्याने सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं चालवणार?"

आजवर कुणीही न विचारलेला प्रश्न! शेरासाहेब क्षणभर गडबडले. "सगळीकडे."

"रोज किती?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"वेगात, का निवांत?"

"मध्यम."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि परत गळ्यात सोडला. "मग हा घ्या. मधे गुळगुळीत, कडेला खडबडीत. दातांचे डॉक्टर पण खूश, मास्तर पण खूश." म्हणजे फाईल तिथवर पोचली होती.

पण शेरासाहेबांची अट वेगळीच होती. त्यांना टायर रुंद हवा होता. मूळचा पस्तीस मिलिमीटरचा होता, त्यांना पंचेचाळीसचा हवा होता. "रुंद पायाचा माणूस पडत नाही," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

"तेही खरंच," दुकानदार म्हणाला आणि खाली बसून हत्यारांच्या पेटीतले पाने चाळू लागला. नट आवळायच्या पान्याकडे कुणी इतकं लक्ष देऊन पाहत नाही.

रुंद टायर बसला आणि मडगार्डला घासायला लागला. मग रुंद मडगार्ड. नव्या मडगार्डची तार ब्रेकच्या आड आली, म्हणून वाकडी तार. टायर रुंद तर ट्यूब रुंद, आणि नव्या ट्यूबचा वॉल्व्ह असा बारीक की घरच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना, म्हणून नवा पंप. सायकल बोटभर उंच झाली म्हणून स्टँड तोकडा पडला, आणि घरात उभी असताना ती दारू प्यायल्यासारखी कपाटाच्या अंगावर झुकू लागली. एका रात्रीत तिने कपाटाच्या आरशाला तडा दिला. बायकोने फक्त केस विंचरताना दोन भांग पडतात, असं फ्रिजला सांगितलं.

मग साहित्य. घंटी निवडायला एक अख्खी दुपार गेली. पहिली फार मोठ्याने वाजायची, दुसरी लाजल्यासारखी, तिसरीचा आवाज कार्यालयातल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावरच्या घंटीसारखा होता आणि ती वाजली की शेरासाहेब उभे राहत. पुढे दिवा, मागे दिवा, फोनचा स्टँड, पाण्याच्या बाटलीची जाळी, वेग आणि अंतर दाखवणारा मीटर. मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून आरसा.

"साहेब," दुकानदार शेवटी म्हणाला, "सगळं बसलं. पण हात कुठं ठेवणार?"

खरंच, हँडलवर हाताला जागाच उरली नव्हती. ती मोकळी करण्यात आणखी एक आठवडा गेला. शेरासाहेब इतक्या आनंदाने कधी घरी परतले नव्हते.

त्या दिवशी साहेब निघताना दुकानदाराने टायरवरून सहज अंगठा फिरवला. नव्या टायरवर रबराची बारीक लव असते, केसांसारखी. पहिल्या फेरीतच ती झिजायला लागते. या टायरवर दीड महिन्यानंतरही लव जशीच्या तशी होती, तान्ह्या पोराच्या कानावर असते तशी.

"टायर छान ठेवलाय," तो म्हणाला. बस, एवढंच.

शेरासाहेबांचे कान तापले. घरी आल्यावर त्यांनी मीटर पाहिला. एकूण अंतर अकरा किलोमीटर. सर्वाधिक वेग ताशी सहा. हा वेग जगात सायकलचा नसतो, सायकल ढकलत घराकडे निघालेल्या भुकेल्या माणसाचा असतो. मीटर त्यांनी रुमालाने झाकला. पण लव झाकायची कशी? बायको बाजारात गेल्याचं पाहून ते जमिनीवर मांडी घालून बसले, मिशी कापायची कातरी घेतली आणि पुढच्या टायरची लव एकेक करून कापू लागले.

अर्धा टायर झाला असेल, नसेल, तर दारात बायको. छत्री विसरली होती.

"काय करताय?"

"देखभाल."

तिने छत्री घेतली. दारापर्यंत गेली, वळली. "मागच्याचीही करा हं. एकाच गालाची दाढी केल्यासारखं दिसेल नाहीतर."

तरीही शेरासाहेबांना संशय आला नाही. माणूस एकदा झाकायला बसला की त्याला फक्त स्वतःचं झाकण दिसतं.

टायर पुन्हा एकदा वाचवायला आला. भिंगातून पाहताना त्यांना टायरच्या कडेवर बाण दिसला. टायर कुठल्या बाजूने फिरावा ते दाखवणारा. आणि मागच्या चाकाचा बाण उलटा होता! ते विजयी मुद्रेने दुकानात गेले. वीस वर्षांत त्या दुकानात टायर उलटा बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "चुकलंच साहेब. आठवडा तरी लागेल बघा." टायर सुलटा करायला पंधरा मिनिटं लागतात. शेरासाहेबांनी तिकडे कानाडोळा केला.

आता नियम चौदा. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या एकाची स्कूटर पार्किंगमध्ये सहा वर्षं उभी होती. तिच्या सीटखाली मांजर तीनदा व्यायली. तेव्हापासून नियम झाला की जागा हवी असेल तर मालकाने वाहन स्वतः चालवून अंगणात समितीसमोर एक फेरी मारून दाखवायची. जिन्याखालची एकच जागा शिल्लक होती. शेरासाहेबांनी अर्ज भरला. 'इंधन' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'स्वतः अर्जदार.' सेक्रेटरीबाईंनी अर्ज परत केला. 'इंधनाबाबत खुलासा व्हावा.'

तीस वर्षं ज्यांनी लोकांचे अर्ज एका वेलांटीसाठी परत पाठवले, त्यांचा अर्ज परत! शेरासाहेबांनी त्या दिवशी चहा अर्धा सोडला. दुसरा अर्ज तीन प्रतींत दिला. शेवटचा रकाना 'शेरा' मोकळा ठेवला होता, त्यावर छापलं होतं : 'समितीच्या उपयोगासाठी.'

उत्तर आलं. रविवारी सकाळी अकरा वाजता फेरी. त्याच संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, शनिवारी येतेय मी. रविवारी तुमची फेरी बघायला मिळेल."

आणि फ्रिजच्या दिशेने आवाज आला, "रविवारनंतर या खोलीत एक तर ती सायकल राहील, नाही तर तू. दोघं मावत नाहीत."

शनिवारी लेक आली. सायकलभोवती फिरली, घंटी वाजवली (शेरासाहेब उठून उभे राहिले), टायरवर बोट फिरवलं. पुढचा अर्धा गुळगुळीत, अर्धा लवदार. तिने आईकडे पाहिलं. आईने भाजी चिरायला घेतली. डोंगराची गोष्ट त्या दिवशी जेवताना कुणीच काढली नाही, हे मात्र शेरासाहेबांच्या लक्षात आलं.

आपली पोर इतकी वर्षं आपल्याला डोंगरावरून हात सोडून येताना पाहत आली, उद्या ती आपल्याला अंगणातल्या कुंडीत पाहणार. हाडं मोडली तर जुळतात. ती गोष्ट मोडली तर?

रविवारी अकराला ते खाली उतरले. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, अंगात चमकणारं जाकीट. लिफ्टमधल्या आरशात त्यांना रस्ता दुरुस्तीचा फलक दिसला. अंगणात सेक्रेटरीबाई अर्ज घेऊन उभ्या होत्या. शेजारी मास्तर, डॉक्टर, वॉचमन. दुकानदारही आला होता. "सहज," तो म्हणाला. रविवारी त्याचं दुकान उघडं असतं.

शेरासाहेबांनी हँडल धरलं. घसा खाकरला. पुढचा टायर अंगठ्याने दाबला. "हवा जरा..."

"कमीच वाटते," सेक्रेटरीबाई ताबडतोब म्हणाल्या.

शेरासाहेब दचकले. ही बाई आजवर कुणाच्याही वाक्याच्या मदतीला धावली नव्हती.

"शिवाय ऊन आहे," मास्तर पुढे सरसावले. "उष्णतेने हवा प्रसरण पावते. अशा वेळी सायकल चालवणं शास्त्राला धरून नाही."

"अहो, पण त्या कमी म्हणताहेत, तुम्ही जास्त म्हणताय," डॉक्टर म्हणाले.

"दोन्ही," मास्तर ठामपणे म्हणाले.

"बरं, दोन्ही. मी म्हणतो आधी आठवडाभर गुडघ्यांचा व्यायाम करा साहेब. गुडघा म्हणजे काय दाढ नव्हे, नवीन बसवायला."

"आणि अंगण ओलं आहे," वॉचमन म्हणाला. अंगण पापडासारखं कोरडं होतं. हे लक्षात येताच तो धावत गेला, नळाखालची बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत मधोमध ओतली. "बघा. घसरायचं एखादं."

दुकानदाराने खाली वाकून मागचं चाक पाहिलं. "साहेब, हा टायर परत उलटा बसलाय."

शेरासाहेबांनी खाली पाहिलं. बाण सुलटा होता. काल रात्री त्यांनीच भिंगातून दोनदा पाहिला होता. त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. काचा स्वच्छ होत्या. वीस वर्षांत एकही टायर उलटा न बसवलेला माणूस, आणि पंधरा मिनिटांच्या कामाला आठवडा...

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणीच त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली, "राहू दे ना. नवे टायर आहेत, सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही तेव्हा जे चालवायचात ते टायर वेगळे होते." आणि ती खाली बघायला लागली, लहानपणी बरणी फोडल्यावर बघायची तशी. फक्त या वेळी बरणी तिने फोडली नव्हती. ती फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी होती.

तेव्हा त्यांना आठवलं. ही पोर सायकल शिकली तेव्हा तिच्यामागे सीट धरून कोण धावत होतं? तिची आई. हे स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहून शेरे मारत होते. 'हँडल सरळ.' 'नजर समोर.' सहा वर्षांच्या पोरीला तेव्हाच प्रश्न पडला असेल की डोंगर उतरणारा बाप मैदानात का उतरत नाही. पडला असेल, आणि तिने तो गिळला असेल. जेवताना, रोज, त्या गोष्टीसोबत.

एकटी बायको काही बोलली नव्हती. ती सायकलच्या मागे उभी होती. एक हात सीटवर ठेवून.

"तो अर्ज द्या इकडे," शेरासाहेब म्हणाले.

"साहेब, पुढच्या रविवारी करू की," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "नियमात तशी तरतूद आहे." तशी तरतूद नियमात नव्हती.

"द्या."

त्यांनी मोजे काढले, खिशातलं पेन काढलं, अर्ज सायकलच्या सीटवर ठेवला. बायकोने हात जरा सरकवला, काढला नाही. शेवटच्या रकान्यात, जिथे अर्जदाराने काही लिहायचं नसतं तिथे, त्यांनी लिहिलं. सही केली, तारीख घातली. सवयीने खाली रेघ ओढली.

सेक्रेटरीबाईंनी कागद पाहिला. चष्मा डोळ्यांवर होता. शेरासाहेबांचं अक्षर मोत्यासारखं होतं. तरीही त्या म्हणाल्या, "अक्षर लागत नाही हो. तुम्हीच वाचा."

शेरासाहेबांनी कागद हातात घेतला. कार्यालयात वाचतात त्या आवाजात सुरुवात केली. "वाहनाची पाहणी केली. टायर योग्य. मडगार्ड योग्य. घंटी योग्य, किंचित मोठी. आरसा योग्य." इथे आवाज कार्यालयातून निघून घरी आला. "अर्जदारास सायकल येत नाही."

अंगणात कुणी हसलं नाही. वॉचमनने रिकामी बादली हळूच पाठीमागे लपवली. लेकीने नाक ओढलं.

"बसा," मागून आवाज आला. "धरलीय मी."

शेरासाहेब बसले. सायकल एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, पण पडली नाही. हँडलवरच्या आरशात त्यांना हेल्मेटची कड दिसली, आणि त्यामागे घामेजलेला, ओठ घट्ट मिटलेला एक चेहरा.

"आरशात माझ्याकडे नको," तो चेहरा म्हणाला. "नजर समोर."